पूर्वरंगातच अडकलेली कथा

निर्मात्यासमोर बसून चित्रपटाची कल्पना मांडणाऱ्या मराठवाड्यातल्या नव्या लेखकाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं. ‘माझी कथा दुष्काळावर आहे.’ ‘ऊसतोड कामगारांवर आहे.’ ‘शेतकरी आत्महत्येवर आहे.’ वाक्य खोटं नसतं आणि लेखकाची तळमळही खरी असते, पण ऐकणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. दुष्काळावर अग्रलेख लिहिता येतो, विधानसभेत लक्षवेधी मांडता येते, पोवाडा रचता येतो. चित्रपटच का, याचं उत्तर त्या वाक्यात नसतं. मग पुढची पाच-सात मिनिटं पार्श्वभूमीत जातात: पाऊस किती वर्षं झाला नाही, सावकार कसा आहे, गावात किती जाती आहेत, नायकाचे आजोबा रझाकारांच्या वेळी काय करत होते. ऐकणारा मान हलवत राहतो. घटना सुरू होईपर्यंत त्याने मनातल्या मनात निर्णय घेतलेला असतो. कल्पना मांडताना होणाऱ्या चुकांच्या याद्या पुष्कळ मिळतात: पात्रांची गर्दी करू नका, पूर्वकथा लांबवू नका, शेवट लपवू नका, संदेश समजावत बसू नका, ‘ही सैराटसारखी आहे’ असं म्हणू नका. मला या वेगवेगळ्या चुका वाटत नाहीत. अर्थ आधी सांगायचा आणि काय घडलं ते नंतरवर टाकायचं, या एकाच सवयीला फुटलेले हे फाटे आहेत.

ही सवय हिंगोलीसारख्या जिल्ह्यातल्या लेखकाला कुठून लागते, हेही पाहण्यासारखं आहे. नरसी नामदेव याच जिल्ह्यात आहे, औंढा नागनाथ याच जिल्ह्यात आहे, आणि कथा ऐकण्याचं इथल्या माणसाचं पहिलं शिक्षण कीर्तनात होतं. नारदीय कीर्तनाची बांधणी सगळ्यांना परिचित आहे: पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन त्याचं निरूपण, मध्ये नामाचा गजर, मग उत्तररंगात आख्यान. (वारकरी कीर्तनात ही विभागणी इतकी काटेकोर नसते, निरूपणाचंच राज्य असतं, तो वाद इथे नको.) पूर्वरंगात बुवा तत्त्व मांडतात, उत्तररंगात त्या तत्त्वाची माणसाच्या आयुष्यात परीक्षा होते. श्रोता पूर्वरंग शांतपणे ऐकतो, कारण तो बुवांवरच्या श्रद्धेनं आलेला असतो, रात्र मोकळी असते आणि उत्तररंग येणार याची त्याला खात्री असते. अंधेरीतल्या किंवा पुण्यातल्या एखाद्या कार्यालयात बसलेल्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. त्याने त्या दिवशी आधीच दोन-तीन कथा ऐकलेल्या असतात. आपला लेखक मात्र त्याला पूर्वरंग ऐकवतो, तोही गजराशिवाय, आणि आख्यानाशी येईपर्यंत चहा संपलेला असतो.

आख्यान कसं उभं राहतं हे शिकायला परदेशी पुस्तकं उघडण्याआधी औंढ्याच्या दोन आख्यायिका शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिली देऊळ फिरल्याची. नामदेव देवळासमोर कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी त्यांना हटकलं, ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. दुसरी विसोबा खेचरांची. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्यानं एकेकाचं डोकं ठोकून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं. रुसलेले नामदेव विठ्ठलाकडे तक्रार घेऊन गेले, तर त्यानेही गुरू करायला सांगितलं. औंढ्याला येऊन पाहतात तर एक म्हातारा शिवाच्या पिंडीवर पाय टाकून पडलेला. नामदेव रागावले. म्हातारा म्हणाला, देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. आणि पाय जिथे ठेवावेत तिथे पिंड उभी राहू लागली.

दोन्ही गोष्टी लोकप्रिय आहेत, दोन्हींत चमत्कार आहे. चित्रपटाची कल्पना म्हणून मात्र दोन्हींची ताकद सारखी नाही. पहिलीत अन्याय आहे, अन्याय करणारे आहेत आणि डोळ्यांत भरेल असं दृश्य आहे. पण नामदेव गोष्टीच्या सुरुवातीला जसे होते तसेच शेवटी राहतात. त्यांच्या बाजूनं सगळं देव करतो. दुसरीत नामदेवांना काहीतरी हवं आहे: मडकं पक्कं असल्याची कबुली. ते मिळत नाही म्हणून ते निघतात. ज्याच्याकडे जातात त्याच्यावरच रागावतात, म्हणजे नायकाची चूक गोष्टीच्या मधोमध आहे. शेवटचं कामही त्यांना स्वतःच्या हातांनी करावं लागतं: म्हाताऱ्याचे पाय उचलायचे आणि ठेवायला जागा शोधायची. त्या हालचालीतच अद्वैताचं सगळं निरूपण सामावलं आहे आणि कुणी ते बोलून दाखवत नाही. नव्या लेखकांच्या कल्पना फार वेळा देऊळ फिरल्याच्या जातीच्या असतात. नायक सोसतो, गातो, रडतो. शेवटी पाऊस येतो, जिल्हाधिकारी येतो किंवा एखादी चित्रफीत सगळीकडे पसरते आणि न्याय होतो. ऐकणारा ‘तुमचा नायक करतो काय?’ असं विचारतो तेव्हा लेखकाला तो माणसांच्या दुःखाचा अपमान वाटतो. खरं तर तो फक्त पायांची जागा विचारत असतो.

विषय मोठा असला की एकाच्या गोष्टीत तो मावत नाही, हा यावरचा पहिला आक्षेप. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या मराठी चित्रपटांनी त्याला पुरेसं उत्तर दिलं आहे. मंगेश हाडवळे यांच्या ‘टिंग्या’त (२००८) कर्जबाजारी शेतकरी आहे, पण गोष्ट त्याच्या मुलाची आहे: जखमी झालेला चितंग्या बैल बाप खाटकाला विकायला निघालाय आणि टिंग्याला तो वाचवायचा आहे. सतीश मन्वर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये (२००९) विदर्भातल्या आत्महत्या आहेत, पण आपण पाहतो ते एका बायकोला. शेजारच्या आत्महत्येनंतर आपला नवराही तेच करेल या धास्तीनं ती त्याच्यावर पाळत ठेवते, त्याला खूश ठेवायला धडपडते. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) घ्या: शस्त्रक्रियेनं नातवाची दृष्टी जाणार आहे आणि त्याआधी आजोबांना त्याला जग दाखवायचं आहे. तिन्ही कल्पना एका वाक्यात मांडता येतात, तिन्हींत एक माणूस आहे, त्याला आत्ता काहीतरी हवं आहे आणि वेळ संपत आलेली आहे. कर्ज, शेतीचं अरिष्ट, आजार हे विषय तिथे पूर्ण वजनानिशी येतात, पण पाहुण्यासारखे ओसरीवर बसून राहत नाहीत. घरात शिरून कामाला लागतात.

हिंगोलीतलीच सामग्री घेऊन हे तपासता येईल. ‘वसमतच्या हळद उत्पादकांची व्यथा’ हा विषय झाला. लेखक सांगतो: नऊ महिने शेतात, मग काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश, आणि शेवटी मोंढ्यात भाव पडलेला. माहिती उत्तम, कथा अजून जन्मायची आहे. आता याच माहितीतला एक कोरडा तपशील पाहा. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा टक्के व्याजानं, १८० दिवसांसाठी. सरकारी पत्रकातला हा १८० दिवसांचा आकडा लेखकासाठी सोन्यासारखा आहे, कारण तो घड्याळ आहे. समजा, दोन भावांची सामाईक हळद गोदामात आहे. थोरल्याला आत्ता विकून वाटणी करायची आहे, धाकट्यानं भाव चढेल म्हणून ती तारण ठेवून पैसे उचललेत आणि ते कशाला उचलले हे घरात कुणाला सांगितलेलं नाही. आता ऐकणारा पुढे सरकून बसेल. बाजारभाव, आडत, भावकी, कर्ज सगळं त्यात आपोआप येईल, कारण प्रत्येक दृश्यात कुणीतरी काहीतरी मागणार आहे आणि कुणीतरी अडवणार आहे. (लग्नातली हळद आणि शेतातली हळद यांची सांगड इथे सुचतेच. ती सगळ्यांनाच सुचते, म्हणून सोडून द्यावी.)

दुसरं उदाहरण जास्त मोहाचं आहे. औंढा तालुक्यात दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये तिला २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात पसरलेल्या तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील आणि अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या कृष्णविवरांच्या टकरीची थरथर तिथे ऐकली जाईल. याच जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात जमिनीतून गूढ आवाज येतात, आणि जुलै २०२४ मध्ये ४.५ तीव्रतेचा धक्का हिंगोलीनं अनुभवला. आकाशातली थरथर आणि पायाखालची थरथर एकाच जिल्ह्यात! हे ऐकून लेखकाला वाटतं, कथा मिळाली. मिळालाय तो योगायोग, फार तर एक सुंदर प्रतिमा. कल्पना मांडताना प्रतिमेच्या प्रेमात पडणं ही पूर्वरंगाचीच सुधारलेली आवृत्ती आहे. निरूपणाच्या जागी रूपक येतं एवढंच. कथा तेव्हा सुरू होईल जेव्हा १९९३ साली किल्लारीच्या भूकंपातून वाचलेली, आता या भागात मुलाकडे राहणारी एखादी म्हातारी धक्क्यानंतर छपराखाली झोपायला नकार देईल, सुनेला बाळंतपणासाठी पक्कं घर हवं असेल आणि मुलानं प्रकल्पावर मिळालेल्या कामाच्या जोरावर स्लॅबचं कर्ज काढलेलं असेल. मग कृष्णविवरं हवी तर येऊ देत.

यावरचा दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. तो असा की हे सगळं एका माणसाच्या इच्छेवर उभं करणं म्हणजे अमेरिकी पटकथेच्या साच्यात मराठवाडा कोंबणं. समाजाचं दुःख सामूहिक असतं, त्याला नायक नसतो. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ याच्या समर्थनार्थ पुढे केला जातो. २०१४ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, आणि त्यात रूढ अर्थानं नायकाचा प्रवास नाही, हे खरंच आहे. पण त्याची कल्पना काय आहे? गटारात उतरणारा एक कामगार मरतो आणि एका लोकशाहिरावर आरोप ठेवला जातो की तुझ्या गाण्यानंच त्याला आत्महत्येला प्रवृत्त केलं. न्यायव्यवस्थेवरचं भाष्य यात शब्दानंही सांगितलेलं नाही, तरी आरोपाच्या हास्यास्पद नेमकेपणातून ते ऐकणाऱ्याच्या अंगावर येतं. संथ किंवा सामूहिक चित्रपटाला नायकाची सक्ती नाही हे मान्य, घटनेची मात्र आहे. किंबहुना चित्रपट जितका साच्याबाहेरचा, तितकी त्याची सुरुवातीची घटना नेमकी लागते, कारण ऐकणाऱ्याला धरायला दुसरं काही नसतं. आणि साच्याचा प्रश्न असेल, तर विसोबांची गोष्ट हॉलिवूडच्या कितीतरी शतकं आधीची आहे.

शेवट लपवण्याच्या चुकीमागे मात्र वेगळी भीती असते: कल्पना चोरली जाईल. भीती निराधार नाही. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की कल्पना, विषय किंवा कथानक यांवर कॉपीराइट नसतो. तो असतो मांडणीवर. आनंद यांच्या ‘हम हिंदुस्तानी’ नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ चित्रपट घेतल्याचा तो दावा होता आणि नाटककार हरले. दुसऱ्या बाजूला, विश्वासानं सांगितलेली संकल्पना परस्पर वापरण्याला मुंबई उच्च न्यायालयानं २००३ मध्ये झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल या प्रकरणात आळा घातला. तिथे लेखी संकल्पना होती आणि ती कुणाला, कधी दिली याचा माग होता, हे महत्त्वाचं ठरलं. दोन्ही निकालांचा लेखकासाठी अर्थ एकाच दिशेनं जातो. विषय कुणाचाच नसतो, त्यामुळे ‘दुष्काळावर आहे’ एवढंच सांगणारा लेखक सर्वांत असुरक्षित असतो. पटकथा किंवा गोषवारा पूर्ण लिहावा, मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवावा, भेटीनंतर काय सांगितलं याचा मेल पाठवावा आणि शेवट बिनदिक्कत सांगावा. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला शेवटचा दगड काढून ती कल्पना ऐकवून पाहा: शाळकरी पोराचं एकतर्फी प्रेम एवढंच उरतं. डुकरं धरताना पाहिला गेलेला, हसला गेलेला जब्या दगड उचलतो तेव्हा आधीच्या सगळ्या गोष्टीचं वजन बदलतं. ‘शेवट पडद्यावरच पाहा’ म्हणणारा लेखक ऐकणाऱ्याच्या हातातून तो दगडच काढून घेतो. आख्यानाचा शेवट तर श्रोत्यांना पाठ असतो, तरी ते जागे राहतात.

दोष एकट्या लेखकाचा नाही, हेही लिहायला हवं. हिंगोलीहून आलेल्या माणसाकडून कोरडी विहीर आणि गळफास हेच अपेक्षित धरणारे ऐकणारे कमी नाहीत. त्यांना हळदीच्या गोदामातला भावांचा घोळ सांगितला तर ‘पण यात मराठवाडा कुठे आहे?’ असा प्रश्न येतो, आणि पुढच्या वेळी लेखक मुकाट्यानं दुष्काळापासून सुरुवात करतो. शिवाय तोंडी कथा ऐकवण्याची पद्धत बोलक्या माणसाच्या बाजूची आहे. प्रमाण मराठीत, अधूनमधून इंग्रजी पेरत बोलणाऱ्याची सामान्य कल्पनाही उजळून निघते आणि ‘मी म्हन्लो, तो म्हन्ला’ अशा बोलीत सांगणाऱ्याची चांगली कल्पना गावठी ठरते. हा अन्याय खरा आहे आणि कथा नीट मांडण्यानं तो संपणार नाही. पण घटना ठाम असेल तर बोलीचा उलट फायदा होतो, कारण त्या भाषेत पात्रं आयती बोलत असतात. तत्त्व सांगायला प्रमाणभाषा लागते असं आपल्याला शाळेनं शिकवलं. धाकट्यानं गोदामाची पावती कुठं दडवली, हे थोरल्याच्या बायकोला कळलं त्या दुपारी काय झालं, ते सांगायला वसमतची भाषाच बरी पडते.