संभाव्यतेचं गणित अडलं, तर मदत कशी करायची?

दहावीची परीक्षा जवळ आली की बचत, हप्ता, कर्जमागणी आटोपल्यावर गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. "पोरीला तो शक्यतेचा धडा काही जमत नाही, शिकवणी लावू का?" दहावीच्या गणिताच्या भाग १ मधला हा धडा. त्याचं नाव संभाव्यता. शिकवणी लावायची की नाही ते नंतर ठरवा. त्याआधी घरात बसून काय मदत करता येते, ते आज आम्ही सांगणार आहोत. तुमचं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं असलं तरी ही मदत तुम्हाला जमेल. आणि हे गणित आपल्या घरात परीक्षेपलीकडेही लागतं, तेही बोलू.

संभाव्यता म्हणजे एखादी गोष्ट घडण्याची शक्यता किती, ते अपूर्णांकात सांगणं. एकूण किती प्रकार होऊ शकतात, तो आकडा खाली. त्यातले आपल्याला हवेत ते किती, तो आकडा वर. सूत्र एवढंच आहे आणि ते मुलींना पाठ असतं. गाडी अडते ती खालच्या आकड्यावर. एकूण प्रकार मोजताना एखादा सुटतो आणि पुढचं सगळं चुकतं.

एक उदाहरण घेऊ. दोन नाणी उडवली. किमान एक छापा येण्याची शक्यता किती? बऱ्याच मुली लिहितात: दोन्ही छापे, एक छापा एक काटा, दोन्ही काटे. प्रकार तीन, त्यातल्या दोनांत छापा आहे, म्हणून उत्तर २/३. ऐकायला पटतं, पण ते चूक आहे.

अशा वेळी एक दहाचं नाणं घ्या आणि एक पाचचं. आता मुलीला विचारा, "दहाचा छापा नि पाचचा काटा, आणि दहाचा काटा नि पाचचा छापा, हे एकच का?" नाही ना? मग प्रकार चार झाले. दोन्ही छापे, दहाचा छापा, पाचचा काटा, दहाचा काटा, पाचचा छापा, दोन्ही काटे. चारांपैकी तिनांत छापा आहे. उत्तर ३/४.

तरी पटलं नाही, तर दोन्ही नाणी साठ वेळा उडवायला सांगा आणि पाटीवर रेघा मारायला लावा. 'एक छापा एक काटा' हा प्रकार तिसाच्या आसपास येईल. नेमका तीसच येईल असं नाही, थोडा पुढेमागे. मुलीची तीन प्रकारांची यादी बरोबर असती, तर तो विसाच्या आसपास यायला हवा होता. हिशेब हातानेच पटतो.

आणि चुकली म्हणून तिला 'ढ' म्हणू नका. फ्रान्समध्ये दालांबेर नावाचा फार मोठा गणिती होऊन गेला. त्याने १७५४ साली तिथल्या विश्वकोशात याच प्रश्नाचं उत्तर २/३ असं मांडलं होतं. एवढ्या मोठ्या माणसाची जिथे गफलत झाली, तिथे आपल्या लेकीची झाली तर नवल नाही.

दुसरी अडचण शब्दांची. 'किमान एक' म्हणजे एक किंवा त्याहून जास्त. 'जास्तीत जास्त एक' म्हणजे एक किंवा एकही नाही. हे दोन शब्द पुस्तकी आहेत, घरात आपण असं बोलत नाही. मुलीला गणित सोडवण्याआधी ते वाक्य तिच्या स्वतःच्या भाषेत सांगायला लावा. ते सांगता आलं की अर्धं काम झालं.

तिसरी अडचण पत्त्यांची. या धड्यात बावन्न पत्त्यांची गणितं असतात. आपल्याकडे मुलीच्या हातात पत्ते दिसले की लोक नावं ठेवतात, म्हणून कित्येक मुलींनी कॅट कधी हातात धरलेलाच नसतो. मग तिला कळणार कसं, की इस्पिक, बदाम, किलवर, चौकट असे चार गट, प्रत्येकात तेरा पाने, आणि प्रत्येक गटात राजा, राणी, गुलाम अशी तीन चित्रं? मुलग्यांना हे आपोआप माहीत असतं. तेव्हा एक कॅट विकत आणा आणि तिच्यापुढे मांडा. चित्रांची पाने किती? चार त्रिक बारा. एक पान ओढलं तर चित्र येण्याची शक्यता १२/५२, म्हणजेच ३/१३. हा जुगार नाही, अभ्यास आहे.

म्हणजे आईने विचारायचे प्रश्न चारच. काय उडवलं किंवा काय ओढलं? सगळे प्रकार लिहिलेस का, एखादा सुटला तर नाही? प्रत्येक प्रकार येण्याची शक्यता सारखीच आहे का? आपल्याला हवेत ते कोणते, त्यांना गोल कर. उत्तर एकापेक्षा मोठं आलं, तर चूक आहे हे नक्की समजा. तरीही अडलं, तर वहीसकट सरांकडे किंवा बाईंकडे पाठवा. "काही कळत नाही" म्हटलं तर त्यांनाही सुरुवात कुठून करावी ते समजत नाही. "माझे प्रकार चार आले, पुस्तकात आठ आहेत, उरलेले कुठले?" असं विचारलं की मदत दोन मिनिटांत मिळते.

आता परीक्षेपलीकडचं. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचा आजार पुष्कळ घरांत आहे. काहीजण सिकलसेलचे वाहक असतात. वाहक म्हणजे आजारी नव्हे, पण त्याच्या रक्ताच्या गुणांच्या जोडीतला एक चांगला आणि एक सिकलचा असतो. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर डॉक्टर सांगतात, "बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक." हेच ते दोन नाण्यांचं गणित. आईकडून एक गुण येतो, बापाकडून एक. दोन्ही चांगले, आईचा चांगला, बापाचा सिकल, आईचा सिकल, बापाचा चांगला, दोन्ही सिकल. चार प्रकार. शेवटच्यात बाळ आजारी, मधल्या दोन्हींत वाहक, पहिल्यात पूर्ण निरोगी.

पण घरोघरी 'चारात एक'चा अर्थ वेगळाच लावला जातो. "पहिलं लेकरू आजारी निघालं ना, मग आता पुढची तीन चांगली होतील." असं नाही, बायांनो. नाण्याला मागचं आठवत नाही. मागच्या खेपेला काटा पडला म्हणून या खेपेला छापा पडेलच, असं नसतं. प्रत्येक गरोदरपणात शक्यता पुन्हा नव्याने चारात एकच. दोन लेकरं होणार असतील, तर एकूण प्रकार चार चोक सोळा. दोघांनाही आजार नसेल असे तीन त्रिक नऊ. उरले सात. म्हणजे दोनांपैकी किमान एकाला आजार होण्याची शक्यता सोळात सात, जवळपास निम्मी. पाहा, पुस्तकातलं 'किमान एक' इथे कसं कामाला आलं.

एकजण वाहक असेल आणि दुसऱ्याच्या रक्तात असा कुठलाच दोष नसेल, तर बाळाला हा आजार होत नाही. ते वाहक असण्याची शक्यता मात्र निम्मी असते. म्हणून वाहक मुलीचं लग्न अडवायचं कारण नाही. पत्रिकेआधी दोघांचं रक्त तपासायचं, एवढंच. केंद्र सरकारने २०२३ च्या जुलैमध्ये सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, तिच्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी आहे. आपल्या आशाताईला किंवा आरोग्य केंद्रात विचारा. दिवस गेले असतील आणि दोघंही वाहक असाल, तर उशीर न करता लगेच डॉक्टरांना सांगा. पोटातल्या बाळाची तपासणीही होऊ शकते. आणि बाळ आजारी निघालं तर दोष एकट्या आईचा कधीच नसतो. चार प्रकारांची ती यादी सासूबाईंपुढे मांडली, की एक गुण बापाकडूनही आलेला आहे हे दिसतं.

पुढच्या बैठकीला एक दहाचं नाणं, एक पाचचं आणि पाटी घेऊन या. दहावीच्या मुलींनाही आणा. यादी त्या लिहितील, सुटलेला प्रकार तुम्ही शोधा.