वजनं उचलल्यावर स्नायू वाढतात कसे?

जिममध्ये घाम गाळला की नवे स्नायूतंतू तयार होतात, असा अनेकांचा समज असतो. खरं तर असलेलेच तंतू जाड होतात. शिवाय या तंतूंचं विभाजन होत नाही. मग इजा झाली तर दुरुस्ती कोण करतं?

१९६१ मध्ये अमेरिकी संशोधक अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाच्या स्नायूत, तंतूंना चिकटलेल्या चिमुकल्या पेशी दिसल्या. त्याच या ‘सॅटेलाइट’ पेशी, म्हणजे स्नायूंच्या मूळपेशी. एरवी त्या सुप्त असतात. तंतूला इजा झाली किंवा जास्त ताण पडला की जाग्या होतात, त्यांची संख्या वाढते आणि त्यातल्या बऱ्याच तंतूत विलीन होऊन त्याला आपलं केंद्रक देतात. काही मात्र पुढच्या वेळेसाठी राखीव राहतात.

प्रयोगात उंदरांमधल्या या पेशी नष्ट केल्यावर जखमी स्नायू भरून आलाच नाही. गंमत म्हणजे, ताण दिल्यावर प्रौढ उंदरांचे स्नायू काही आठवडे त्यांच्याविनाही जाड झाले. त्यामुळे वाढीतल्या त्यांच्या वाट्यावर शास्त्रज्ञांचा वाद आहे, दुरुस्तीतल्या नाही.

उतारवयात या पेशी कमी होतात. पण सत्तरीतल्या पुरुषांनी १२ आठवडे वजनांचा व्यायाम केल्यावर त्या वाढल्याचंही दिसलं आहे.