कादंबरी वाचा, शब्द आपोआप येतील!

“आई, तू राहू दे, तुला नाही कळायचं!” मुलं इंग्रजी माध्यमात जाऊ लागली की हे वाक्य घरोघर ऐकू येतं. आपण मराठी शाळेत शिकलो, बी.ए.सुद्धा झालो, तरी इंग्रजी पुस्तक उघडलं की जीव दडपतो. मग डिक्शनरीतले रोज दहा शब्द पाठ करायचा संकल्प सोडायचा आणि आठ दिवसांत विसरून जायचं! मीही हे सगळं केलंय.

मला वाट सापडली ती रद्दीच्या दुकानात. तिथे जेन ऑस्टेनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मिळाली. १८१३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेली ही कादंबरी. गंमत म्हणजे प्रत्येक पानाच्या तळाशी कठीण शब्दांचे अर्थ दिले होते, तेही स्पॅनिशमध्ये! स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी काढलेली आवृत्ती होती ती. म्हटलं, त्यांना त्यांच्या भाषेत अर्थ मिळतो, तर आपण आपल्या भाषेत का लिहू नये? पेन्सिल घेतली आणि समासात मराठी अर्थ लिहू लागले.

गोष्ट तर आपल्या शेजारीच घडावी अशी. पाच उपवर मुली, त्यांच्या लग्नाच्या काळजीनं हैराण झालेली आई आणि मुलगा नाही म्हणून वडिलांच्या मागे इस्टेट जाणार लांबच्या नातेवाइकाकडे. त्या बंधनाला म्हणतात ‘एन्टेल’. डिक्शनरीत वाचला असता तर हा शब्द उद्या विसरले असते. पण त्या आईचा जीव कशानं कासावीस होतोय ते कळलं, आणि शब्द मनात पक्का बसला.

स्पॅनिश अर्थांनीही एक शहाणपण शिकवलं. ‘प्रेज्युडिस’ला त्यांचा शब्द अगदी जवळचा, कारण दोन्हींचं मूळ लॅटिन. पण ‘सेन्सिबल’ म्हणजे इंग्रजीत समंजस, आणि स्पॅनिशमध्ये तसाच लिहिला जाणारा शब्द म्हणजे हळवा! आपल्या ‘शिक्षे’सारखंच की! हिंदीत ते शिक्षण, मराठीत छडी. तेव्हा रूप सारखं म्हणून अर्थ सारखा, असं धरून चालू नये.

जुन्या पुस्तकात आणखी एक खड्डा असतो. मोठ्या माणसानं मोठेपण बाजूला ठेवून लहानांशी गोडीनं वागणं, याला त्या काळी ‘कन्डिसेन्शन’ म्हणत. मला शब्द फार आवडला. मुलीच्या मुख्याध्यापिकाबाईंना आभाराचं पत्र लिहिताना मी तो ऐटीत घातला. ह्यांनी पत्र सहज वाचलं आणि म्हणाले, “अगं, पाठवू नकोस! आता याचा अर्थ दुसऱ्याला कमी लेखणं असा होतो.” थोडक्यात वाचले!

तुम्हालाही सुरुवात करायची असेल, तर एवढं करा :

१) आधी संक्षिप्त आवृत्ती वाचा. गोष्ट माहीत असली की मूळ पुस्तकाची भीती वाटत नाही.

२) एका पानावर पाचच शब्द अडवा. बाकीचे संदर्भानं कळतात.

३) वहीत सुटा शब्द न लिहिता अख्खं वाक्य लिहा. समोर अर्थ मात्र आपल्या बोलण्यातला हवा.

४) शब्द वापरण्यापूर्वी त्याचा आजचा अर्थ नव्या डिक्शनरीत पाहा.

५) वेळ ठरवून घ्या. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत दोन पानं सहज होतात. या कादंबरीची प्रकरणं ६१. रोज एक वाचलं, तरी दोन महिन्यांत पुस्तक संपतं.

परवा लेकीनं विचारलं, “आई, सेन्सिबल आणि सेन्सिटिव्हमध्ये फरक काय गं?” मी कणीक मळत होते. म्हटलं, “सेन्सिबल म्हणजे तुझी ताई, आणि सेन्सिटिव्ह म्हणजे तू. जरा बोललं की डोळ्यांत पाणी!” ती हसली आणि वही घेऊन तिथेच, ओट्याशी, बसली.