खोली भाड्याने देताय?

भाडेकरार आणि लिव्ह अँड लायसन्स: भाडेकराराने भाडेकरूला जागेत हक्क मिळतो. लायसन्सने फक्त ठरल्या मुदतीपुरती वापराची परवानगी मिळते.

कायदा: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999. अंमल 31 मार्च 2000 पासून. कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. जबाबदारी घरमालकाची. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

अकरा महिने: 1908 च्या नोंदणी कायद्यात वर्षावरच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणी सक्तीची, म्हणून अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा पडली. महाराष्ट्रात ही पळवाट चालत नाही. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे आधी धरले जाते.

लायसन्सची मुदत संपली, खोली सोडत नाही: कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज. खोली सोडेपर्यंतच्या दिवसांना दुप्पट लायसन्स शुल्क.

पाणी-वीज: थकबाकीसाठी भाडेकरूचे पाणी वा वीज तोडता येत नाही (कलम 29). विहिरीवरच्या पंपाची चावी कमरेला खोचून फिरणे हेही त्यातच आले.

निवास-न्याहारी: तारकर्ली, देवबागसारख्या किनारी गावांत भाड्याने देण्यापेक्षा हीच चाल जास्त. घरमालक त्याच घरात राहतो, पाहुणा दिवसाच्या दराने उतरतो, सकाळी घावणे-चटणी. नोंदणी पर्यटन विभागाकडे. परदेशी पाहुण्याची माहिती 24 तासांत ऑनलाइन कळवायची.