वायफायचा पासवर्ड बदलला, पण राउटरच्या स्टिकरवरच्या त्या 8 अंकांचं काय?

तुमचा राउटर उलटा करून बघा. वायफायचं नाव आणि पासवर्ड छापलेलं एक स्टिकर दिसेल. बऱ्याच मॉडेल्सवर तिथेच 'डब्ल्यूपीएस पिन' असा 8 अंकी नंबरही असतो. पासवर्ड आपण बदलतो, पण या नंबरकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

डब्ल्यूपीएस म्हणजे वायफाय प्रोटेक्टेड सेटअप. लांबलचक पासवर्ड टाईप करायला नको म्हणून वायफाय अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेने ही सोय आणली. राउटरवरचं बटण दाबा किंवा पिन टाका, की डिव्हाइस जोडलं गेलं! बटणाचं एक वेळ ठीक आहे, ते दाबायला चोराला घरात यावं लागेल. खरा घोळ पिनमध्ये आहे.

8 अंक म्हणजे 10 कोटी शक्यता. त्यातला शेवटचा अंक आधीच्या सातांवरून गणिताने काढलेला असतो, म्हणजे उरल्या 1 कोटी. इथपर्यंतही चाललं असतं. पण राउटर पिन एकदम तपासत नाही, दोन तुकड्यांत तपासतो. पहिले 4 अंक चुकले तर तिथेच नकार देतो, बरोबर असले तर पुढे जातो. म्हणजे निम्मं उत्तर बरोबर आलंय हे तो स्वतःच चोराला सांगून टाकतो! आता पहिल्या 4 अंकांसाठी जास्तीत जास्त 10,000 प्रयत्न आणि पुढच्या 3 साठी 1,000. एकूण फक्त 11,000. एका प्रयत्नाला 3 सेकंद धरले तरी साधारण 9 तासांत सगळे संपतात, आणि हे काम लॅपटॉप रात्रभर आपोआप करतो. बँकेचं एटीएम तीन चुकांनंतर कार्ड अडवतं, पण तेव्हाचे कितीतरी राउटर हजारो चुका निमूटपणे ऐकून घ्यायचे.

स्टेफान फीबॉक या संशोधकाने डिसेंबर 2011 मध्ये हे उघड केलं. पिन सापडला की राउटर वायफायचा खरा पासवर्डच देऊन टाकतो. तुम्ही पासवर्ड बदललात तरी पिन तोच राहतो, आणि त्याच पिनवर नवा पासवर्डही मिळतो.

"शेजाऱ्याने थोडा डेटा वापरला तर काय बिघडलं?" असं वाटत असेल तर 2008 आठवा. अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या वेळी आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या वायफायवरून गेला होता, आणि पोलीस त्याच्या दारात पोहोचले. तिथे डब्ल्यूपीएसचा संबंध नव्हता, पण आयपी अ‍ॅड्रेस कनेक्शन कुणाच्या नावावर आहे तेवढंच सांगतो, कोण वापरत होतं ते नाही.

नव्या राउटरमध्ये बऱ्याचदा काही चुकीच्या प्रयत्नांनंतर पिन लॉक होतो, आणि अँड्रॉइडने तर आवृत्ती 9 पासून डब्ल्यूपीएस काढूनच टाकलं. तरी जुने राउटर घराघरांत चालूच आहेत. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 उघडा (नेमका पत्ता स्टिकरवर असतो), लॉगिन करा आणि वायरलेस सेटिंग्जमध्ये डब्ल्यूपीएस बंद करा. ऑप्शन सापडला नाही तर इंटरनेटवाल्याला फोन करून त्याच्याकडून बंद करून घ्या. काही जुन्या मॉडेल्समध्ये सेटिंग्जमधून बंद केलं तरी पिन आतून चालूच राहायचा, त्यामुळे फर्मवेअर अपडेटही करून टाका. तुमच्या मॉडेलला अपडेट येणंच थांबलं असेल, तर सरळ नवा राउटर घ्या.