जलपर्णी म्हणे पाणी शुद्ध करते!

आपल्या शहरातल्या सलीम अली सरोवरातली किंवा खाम नदीतली जलपर्णी काढायचा विषय निघाला की एक हरकत ठरलेली असते: ‘राहू द्या हो, ती पाणी शुद्ध करते.’ शहागंजच्या बाजारापासून शिकल्यासवरल्यांच्या बैठकीपर्यंत हे वाक्य ठासून सांगितलं जातं. वैताग येतो तो त्यात अर्धं सत्य आहे म्हणून. जलपर्णी पाण्यातला नत्र, स्फुरद आणि काही जड धातू शोषून घेते, हे खरं. १९७०च्या दशकात ‘नासा’च्या बी. सी. वोल्व्हर्टन यांनी मिसिसिपीत सांडपाण्यावर तिचे प्रयोग केले आणि त्यांना यशही आलं. पण त्या पद्धतीत वाढलेली जलपर्णी वेळच्या वेळी उपसून बाहेर काढायची असते. आपल्याकडे नेमकं तेवढंच कलम गळतं. पाण्यातच राहिलेली जलपर्णी मरते, तळाला जाऊन कुजते, शोषलेलं बरंचसं पाण्याला परत देते आणि कुजताना विरघळलेला प्राणवायूही संपवते. वर तिची जाड चादर ऊन अडवते, म्हणून पाण्याखालच्या इथल्या वनस्पती मरतात आणि त्यांच्या आधाराने जगणारे मासे-कीटकही घटतात. औषध फवारून ती जागच्या जागी मारणं म्हणजे हेच सगळं एका आठवड्यात उरकणं.

‘पण पक्षी बसतात की तिच्यावर!’ बसतात. कमळपक्षी तिच्यावरून आरामात चालतो. टिबुकलीला आणि पाणकावळ्याला मात्र बुडी मारायला उघडं पाणी लागतं, आणि ज्या तळ्याला पक्षितज्ज्ञ सलीम अलींचं नाव दिलं तिथे तरी हे वेगळं सांगावं लागू नये. काठचं पाणकणीस इथलंच आहे. सफाईच्या भरात तेही उपटलं तर पक्ष्यांचा आडोसा जातो.

‘सांडपाणी सुरू आहे तोवर काढून उपयोग काय?’ ही हरकत मात्र रास्त आहे. मैलापाणी हेच तिचं खत, ते न अडवता केलेली सफाई वाया जाते. म्हणून थांबावं का? एक रोप उचलून बघा: स्पंजासारखा फुगीर देठ, खाली काळपट झुपकेदार मुळ्या, आणि बाजूने निघालेल्या धुमाऱ्याच्या टोकाला तयार पिल्लू. असा विस्तार अनुकूल हवेत दोन आठवड्यांत दुप्पट होतो आणि गाळातलं बी पंधरा-वीस वर्षं टिकतं. त्यामुळे नाले अडवणं आणि जलपर्णी उपसणं बरोबरीनेच चालायला हवं. उपसलेला ढीग काठावर ठेवला तर पहिल्या पावसात त्याचा रस पुन्हा पाण्यातच. बंगालने १९३६ साली जलपर्णीविरुद्ध कायदाच केला होता, म्हणजे हे दुखणं काही काल-परवाचं नाही.

जलपर्णीसारख्याच बाहेरून आलेल्या इतर वनस्पतींबद्दलचे समज थोडक्यात. गाजरगवत अमेरिकेच्या पीएल-४८० धान्य-करारातल्या गव्हातून आलं, असं सांगतात. पण पुण्यात त्याची नोंद १९५५ची आणि तो करार ऑगस्ट १९५६चा. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गच्या कलकत्त्याच्या बागेच्या १८१४च्या यादीतही ते सापडतं. घाणेरी रानोमाळ दिसते म्हणून ती देशी ठरत नाही. बागेच्या शोभेसाठी आणलेलं ते अमेरिकी झुडूप आहे. आणि परदेशी ते सगळं घातक म्हणणाऱ्यांनी दौलताबादच्या सीताफळाचं मूळ गाव शोधावं. तेही अमेरिकेतलंच, पण त्याने कुठलं तळं झाकून टाकलेलं नाही.