कवटीच्या आतला हिशेब

क्ष-किरण रुग्णालयांत राबू लागून पाऊण शतक लोटत आले, तरी जिवंत माणसाचा मेंदू त्यांना जवळजवळ अगोचरच होता. कारण कवटीच्या अस्थींची दाट छाया चित्रावर पडे आणि तिच्याखाली मृदू ऊतींमधले सूक्ष्म भेद पार लोपून जात. त्यांचा थोडाफार मागोवा लागावा म्हणून १९१९ पासून कण्यात सुई घालून मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरण्याचा शिरस्ता पडला होता, आणि त्यापायी उठणारी दारुण मस्तकवेदना रुग्णाने मुकाट्याने सोसावी अशीच सर्वांची समजूत होती.

ही यातना चुकविणारे यंत्र ज्याने रचले तो गॉडफ्रे हाउन्सफील्ड नॉटिंगहॅमशायरमधल्या एका शेतकऱ्याचा मुलगा; विद्यापीठाची पदवी नाही, युद्धकाळात हवाई दलात रडारचे शिक्षण, आणि पुढे ध्वनिमुद्रिकांसाठी विख्यात असलेल्या ई.एम.आय. कंपनीत संगणकांचे काम. वस्तूतून सर्व दिशांनी किरण पाठवून प्रत्येक किरण कितपत क्षीण होऊन बाहेर पडतो याची नोंद ठेवली, तर आतल्या प्रत्येक बिंदूची घनता गणिताने काढता येईल, हा विचार त्याच्या मनात १९६७ साली आला. म्हणजे किरण जुनेच. नवा होता तो त्यांचा हिशेब.

बीटल्सच्या गाण्यांच्या नफ्यावर हे यंत्र उभे राहिले ही कथा लोकांना फार आवडते. तिच्या भरात ब्रिटिश आरोग्य खात्याने दिलेला पैसा मात्र झाकला जातो, आणि मला तर त्या खात्याची मंजुरीच अधिक विलक्षण वाटते. कारण एका नामांकित क्ष-किरणतज्ज्ञाने ज्याला विक्षिप्त ठरविले होते, त्याची योजना सरकारी दप्तराने ऐकून घेतली.

पहिली मांडणी लेथच्या सांगाड्यावर झाली. अमेरिसियमच्या मंद गॅमा-किरणांनी एका छेदाची मापे घेण्यास ९ दिवस लागत. क्ष-किरणनळी बसविल्यावर ती मुदत ९ तासांवर आली. खाटिकखान्यातून आणलेल्या बैलाच्या ताज्या मेंदूवर प्रयोग झाले, आणि मग विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात, जेम्स ॲम्ब्रोस या क्ष-किरणतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, १ ऑक्टोबर १९७१ रोजी एका स्त्री-रुग्णाचे मस्तक, भोवती पाण्याने भरलेले रबरी आवरण घालून, यंत्रात ठेवले गेले. नळी आणि समोरचा शोधक एका सरळ रेषेत सरकत १६० मापे घेत, मग एक अंश वळत, आणि असे १८० वेळा होऊन २८,८०० आकडे चुंबकीय फितीवर जमा होत. हिशेबासाठी फीत कंपनीकडे गेली, आणि परत आलेल्या ८० गुणिले ८० चौकटींच्या ओबडधोबड चित्रात मेंदूच्या पुढच्या भागातील द्रवगर्भ अर्बुद स्पष्ट दिसले. ना सुई, ना हवा. रुग्णाने करायचे ते एवढेच, की मस्तक हलू द्यायचे नाही.

पाण्याला शून्य आणि हवेला उणे १,००० मानणारी घनतेची जी मापपट्टी त्यातून रूढ झाली, तिला हाउन्सफील्डचेच नाव आहे. परंतु आतली घनता गणिताने काढण्याच्या याच प्रश्नाला केपटाउनमध्ये १९५६ साली हात घालणाऱ्या ॲलन कॉर्मॅकचे लेख १९६३-६४ मध्ये छापून आले, तेव्हा त्यांची दखल जवळजवळ कोणी घेतली नाही. ज्या थोड्यांनी प्रती मागविल्या त्यांत हिमस्खलनाचा अभ्यास करणारे एक स्विस केंद्र होते! १९७९ चे वैद्यकाचे नोबेल या दोघांना विभागून मिळाले. डॉक्टरेट दोघांपैकी एकाकडेही नव्हती. त्याच वर्षी आर्थिक अडचणीत सापडलेली ई.एम.आय. थॉर्न कंपनीने ताब्यात घेतली, आणि स्कॅनरचा धंदा थोड्याच काळात इतरांच्या हाती गेला.